इंग्लंडच्या खेड्यातलं जुनं चर्च नीट कसं बघायचं: कुंपणापासून छतापर्यंत, स्टेप बाय स्टेप

इंग्लंडमधल्या जवळपास प्रत्येक जुन्या गावात एक दगडी चर्च असतंच, आणि आत टेबलावर एक घडीपत्रक ठेवलेलं असतं ज्यात लिहिलेलं असतं की हे चर्च बाराव्या शतकातलं आहे. ते वाचून माणूस वर बघतो, दोन-चार फोटो काढतो आणि दहा मिनिटांत बाहेर पडतो. मला याचं खरंच वाईट वाटतं, कारण "बाराव्या शतकातलं" याचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की एखादा दरवाजा किंवा एखादी कमान बाराव्या शतकातली आहे. बाकी बाजूच्या भिंती तेराव्या शतकातल्या, खिडक्या चौदाव्या, छत पंधराव्या आणि बाकं थेट एकोणिसाव्या शतकातली असू शकतात. म्हणून पहिली गोष्ट म्हणजे "हे चर्च किती जुनं आहे" हा प्रश्नच बाजूला ठेवा आणि त्याऐवजी "इथे आधी काय होतं आणि नंतर काय जोडलं" हा प्रश्न घेऊन फिरा. जोड सापडायला लागले की बाकीचं आपोआप उलगडत जातं.

सोबत काय घ्यायचं: छोटी दुर्बीण, चांगला टॉर्च (मोबाईलचा चालतो पण वेगळा असेल तर फार फरक पडतो, का ते शेवटाकडे सांगतो), आणि नकाशा काढायला वही-पेन्सिल. निदान दीड तास हाताशी ठेवा. चर्चला कुलूप असेल तर लगेच परत फिरू नका, किल्ली कोणाकडे मिळेल याची चिठ्ठी बऱ्याचदा पोर्चमधल्या नोटीस बोर्डवर असते.

१. आत जायची घाई नको, आधी लांब उभे राहा

कुंपणाजवळ उभं राहून दिशा ओळखा. वेदी पूर्वेला असते, टॉवर बहुतेक वेळा पश्चिमेला, आणि रोजचं येण्याजाण्याचं दार सहसा दक्षिणेला, पोर्चमधून. लोक बसतात तो मोठा लांबट भाग म्हणजे नेव्ह, त्याच्या पूर्वेला जो थोडा अरुंद आणि बहुतेक वेळा बुटका भाग असतो तो चॅन्सेल, आणि नेव्हच्या दोन्ही बाजूंना जी पडवीसारखी जोडणी दिसते ती आइल.

आता एक गोष्ट जी कळली की अर्धी कोडी सुटतात: मध्ययुगात चॅन्सेलची डागडुजी करणं ही रेक्टरची, म्हणजे त्या पॅरिशचं (एका चर्चच्या हद्दीतल्या गावाचं) मुख्य उत्पन्न ज्याच्याकडे जायचं त्याची जबाबदारी होती, आणि नेव्हची जबाबदारी गावकऱ्यांची. त्यामुळे गावात पैसा आला की गावकरी नेव्ह उंच करायचे, मोठ्या खिडक्या बसवायचे, आणि रेक्टर चिक्कू असेल किंवा लांबचा एखादा मठ असेल तर चॅन्सेल तसंच जुनं, लहानसं राहून जायचं. कधी याच्या बरोब्बर उलटही दिसतं. दोन भागांत एवढा फरक का असा प्रश्न पडला तर पहिलं उत्तर हे.

२. भिंतीला धरून पूर्ण फेरी मारा

दगड काय आहे ते बघा. जुन्या काळी दगड लांबून आणणं प्रचंड महाग होतं म्हणून गावाखाली जे मिळेल त्यातच भिंत उभी राहायची. कॉट्सवोल्ड्समध्ये मधाळ रंगाचा चुनखडीचा दगड, हेरफर्डशरमध्ये लाल वालुकाश्म, नॉरफोक-सफोकमध्ये चकमकीच्या गारा. चकमकीने कोपरा उभा करणं अवघड असतं, कोपऱ्याला घडीव चिरा लागतो, आणि नॉरफोक-सफोकमध्ये एवढे गोल टॉवर का दिसतात याचं नेहमी दिलं जाणारं कारण हेच. एसेक्समधल्या ग्रीनस्टेडच्या चर्चमध्ये तर अकराव्या शतकाच्या उत्तरार्धातले ओकचे उभे चिरलेले ओंडके भिंत म्हणून आजही उभे आहेत.

मग कोपरे बघा. एक दगड उभा लांब, त्यावर एक आडवा, पुन्हा उभा, पुन्हा आडवा अशी रचना दिसली तर भिंत सॅक्सन असण्याची शक्यता खूप, म्हणजे १०६६ च्या नॉर्मन स्वारीच्या आधीची किंवा त्याच सुमाराची. नॉर्दॅम्प्टनशरमधल्या अर्ल्स बार्टनचा टॉवर हे याचं सर्वात ठसठशीत उदाहरण, सगळ्या टॉवरवर दगडी पट्ट्यांची नक्षी आहे. पुन्हा वापरलेले दगडही शोधा. काउंटी डरममधलं एस्कम हे सातव्या शतकातलं चर्च जवळच्या बिंचेस्टर इथल्या रोमन किल्ल्याच्या दगडांतून बांधलंय, आणि उत्तरेच्या भिंतीत रोमन सैन्याच्या सहाव्या लीजनचं नाव कोरलेला एक दगड चक्क उलटा बसवलेला आहे.

फेरी मारताना भिंतीत या खुणा शोधायच्या. वरून खालपर्यंत सरळ उभी जाणारी फट म्हणजे तिथे पूर्वी भिंत संपत होती आणि पुढचा भाग नंतर जोडला, कारण एकाच वेळी बांधलेल्या भिंतीत दगड एकमेकांत गुंतवलेले असतात. बुजवलेली दारं आणि खिडक्या शोधा, विशेषतः उत्तरेला. टॉवरच्या पूर्वेच्या अंगावर उलट्या व्हीसारखी रेघ दिसते का बघा, ती जुन्या छताची खूण असते. आताचं छत तिच्यापेक्षा खाली असेल तर उताराचं जुनं छत काढून नंतर सपाट शिशाचं छत घातलं, आणि रेघ आताच्या छताच्या आत लपलेली असेल तर भिंती नंतर उंच केल्या. या एका रेघेवरून बाकी कशावरूनही कळणार नाही एवढं कळतं म्हणून ती चुकवू नका.

दक्षिणेच्या भिंतीवर किंवा पोर्चच्या दाराच्या बाजूला हाताच्या पंज्याएवढं एखादं वर्तुळ किंवा अर्धवर्तुळ, मध्ये भोक आणि भोकातून निघालेल्या रेघा असं काही दिसेल. ते मासची, म्हणजे चर्चमधल्या मुख्य प्रार्थनाविधीची वेळ दाखवणारं सूर्यघड्याळ, भोकात काडी असायची. आता हेच जर तुम्हाला उत्तरेच्या भिंतीवर किंवा पोर्चच्या आत सावलीत सापडलं तर एक तर तो दगड दुसरीकडून काढून तिथे बसवलाय किंवा पोर्च नंतर बांधलाय, कारण सावलीत कोणी सूर्यघड्याळ कोरणार नाही.

३. खिडक्या आणि कमानी: कालक्रम इथे कळतो

हा भाग शांतपणे वाचा, कारण पुढचं सगळं यावर आहे. इंग्लंडच्या मध्ययुगीन शैलींना आज जी नावं वापरतात ती थॉमस रिकमन याने १८१७ मध्ये रूढ केली: नॉर्मन, अर्ली इंग्लिश, डेकोरेटेड आणि पर्पेंडिक्युलर.

नॉर्मन म्हणजे साधारण १०६६ ते ११९०. अर्धगोल कमान, जाड भिंत, छोट्या खिडक्या ज्या बाहेरून अगदी चिंचोळ्या आणि आत पसरट होत जातात. सजावट आवडता विषय: कमानीभोवती नागमोडी झिगझॅग, आणि काही ठिकाणी चोच खाली करून कमानीच्या दगडाला चावा घेणारी पक्ष्यांची डोकी. ऑक्सफर्डजवळच्या इफ्लीच्या पश्चिम दारावर ही चोचवाली डोकी रांगेने आहेत.

अर्ली इंग्लिश म्हणजे ११९० ते १२५० च्या आसपास. कमानीला टोक येतं, खिडक्या उंच, अरुंद आणि साध्या, वर टोकदार. कधी तीन खिडक्या शेजारी शेजारी, मधली उंच. खांबांच्या माथ्यावर ताठ देठांची, टोकाला वळलेली दगडी पानं.

डेकोरेटेड म्हणजे १२५० ते १३५०. खिडक्या रुंद होतात, मधल्या उभ्या दांड्या वर जाऊन एकमेकांत गुंफतात आणि वरच्या भागात दगडाची जाळी तयार होते, आधी वर्तुळांची शिस्तशीर आणि नंतर ज्वाळेसारखी वाहती. एस आकाराच्या दुहेरी वळणाची कमान दिसली की हाच काळ धरा. लेडबरी आणि लेमस्टर इथे खिडक्यांच्या चौकटींवर छोट्या गोल कळ्या अक्षरशः शेकड्याने कोरल्यात, तीन पाकळ्या थोड्या उघडलेल्या आणि आत गोळी.

मग १३४८-४९ ची प्लेगची साथ आली, पाथरवट मेले, गावं रिकामी झाली, आणि काही चर्चचं काम अर्धवट राहिलेलं आजही दिसतं. त्यानंतर पर्पेंडिक्युलर, साधारण १३५० पासून १५३० च्या दशकापर्यंत. खिडकीच्या उभ्या दांड्या न वळता थेट कमानीला जाऊन भिडतात, जाळीच्या जागी उभे चौकटी कप्पे, कमान चपटी होत जाते आणि भिंतीपेक्षा काच जास्त. लोकरीच्या व्यापारातून पैसा आलेल्या गावांत, म्हणजे सफोकमध्ये लॅव्हनम, लाँग मेलफर्ड आणि कॉट्सवोल्ड्समध्ये नॉर्थलीच, चिपिंग कॅम्पडन, फेअरफर्ड इथे ही शैली सगळ्यात श्रीमंत. लाँग मेलफर्डला तर ज्यांनी पैसे दिले त्यांची नावं बाहेरच्या भिंतीवर वरच्या बाजूला चकमकीत बसवलेल्या दगडी अक्षरांत लिहिलेली आहेत.

आता सावधगिरी. खिडकी ही बदलायला सगळ्यात सोपी गोष्ट आहे त्यामुळे खिडकीवरून भिंतीचं वय कधीच ठरवू नका. भिंत खिडकीपेक्षा जुनी असू शकते, आणि तसं फार वेळा असतंच. दुसरं म्हणजे एकोणिसाव्या शतकातल्या लोकांनी जुन्या शैलींच्या नकला इतक्या सफाईने केल्या की पहिल्या नजरेत फसायला होतं. त्यावर उपाय असा की दगडाच्या कडा बघा, सगळ्या कडा एकसारख्या धारदार, छिन्नीच्या खुणा यंत्रासारख्या नियमित आणि खिडकीचा दगड आजूबाजूच्या भिंतीपेक्षा वेगळ्याच रंगाचा असेल तर व्हिक्टोरियन काळातली बदली असण्याची शक्यता जास्त.

४. पोर्च आणि दार

पोर्चमध्ये थांबायचं, थेट आत घुसायचं नाही. इथल्या बाकांवर बसून गावचे व्यवहार व्हायचे, लग्नाच्या विधीची सुरुवातही दारातच व्हायची. दाराच्या उजव्या हाताला भिंतीत फुटकी दगडी वाटी असलेला कोनाडा दिसला तर तो पवित्र पाण्याचा. दाराचं लाकूड आणि लोखंडी पट्ट्या बघा, लोकांना वाटतं त्यापेक्षा कितीतरी जास्त दारं अजून मध्ययुगीन आहेत.

नॉर्मन दार असेल तर इथे वेळ द्या. नंतर आइल जोडताना भिंत पाडली तरी जुनं कोरीव दार लोकांनी जपून काढून नव्या भिंतीत पुन्हा बसवलं, म्हणूनच तेराव्या-चौदाव्या शतकातल्या भिंतीत बाराव्या शतकातलं दार सारखं सारखं भेटतं. एकच दार बघायचं असेल तर हेरफर्डशरमधल्या किलपेकला जा. साधारण ११४० चं काम, लाल वालुकाश्म, आणि इतकं टवटवीत की छिन्नीची धार अजून कळते: खांबांवर वेलींमध्ये अडकलेले योद्धे, कमानीत ड्रॅगन आणि पक्षी, मधल्या अर्धगोलात वेलीसारखं झाड. मग मान वर करून छताखालून चर्चभर फिरा, ब्रॅकेटसारखे पुढे आलेले ८० हून जास्त कोरीव दगड तिथे अजून आहेत. एकावर कुत्रा आणि ससा शेजारी शेजारी मान वर करून बघतायत. धर्माशी थेट संबंध नसलेली एवढी मजा एका छोट्या गावच्या चर्चवर कोरली गेली आणि टिकली, हे बघून मला दरवेळी त्या पाथरवटांबद्दल कमालीचं प्रेम वाटतं.

५. आत गेल्यावर पश्चिमेला जाऊन उभे राहा

डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा आणि मग दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा एकमेकींशी ताडून बघा. एका बाजूला गोल जाड खांब आणि अर्धगोल कमानी, दुसऱ्या बाजूला अष्टकोनी खांब आणि टोकदार कमानी असं असेल तर आधी एका बाजूला आइल जोडलं आणि दुसरं नंतर, मधे पन्नास-शंभर वर्षं गेलेली असू शकतात.

आता कमानींच्या वरची भिंत बघा. सगळ्यांना वाटतं की आधी खांब, मग कमान, मग वरची भिंत, म्हणजे वरची भिंत सर्वात नवी. जुन्या चर्चमध्ये बऱ्याचदा हे उलटं असतं. आधी आइल नसलेलं साधं चर्च होतं, त्याची बाहेरची भिंत जागच्या जागी ठेवून, टेकू देऊन, तिच्यात एकेक कमान फोडत गेले, म्हणून कमान तेराव्या शतकातली आणि तिच्या डोक्यावरची भिंत सॅक्सन किंवा नॉर्मन असू शकते. पुरावा काय? कमानींच्या वर मधेच अर्धी कापली गेलेली, बुजवलेली एखादी छोटी गोल माथ्याची खिडकी. ती एके काळी बाहेरच्या उजेडाकडे उघडायची आणि आता तिच्या दोन्ही बाजूंना चर्चच आहे. अशी खिडकी सापडली की टॉर्च मारून तिचा गोल माथा नीट बघा आणि वहीत लगेच काढा. याच भिंतीवर आणखी वर छोट्या खिडक्यांची रांग असेल तर ती पंधराव्या शतकाच्या आसपास उजेडासाठी चढवलेली, बहुतेक नवीन छताच्या वेळीच.

एक गैरसमज इथेच काढून टाका. आतल्या भिंतींचा उघडा ओबडधोबड दगड बघून "वा, किती अस्सल" असं म्हणू नका. मध्ययुगात या डबर भिंतींना आतून चुन्याचा गिलावा असायचा, वर रंग आणि चित्रं असायची, आणि बाहेरूनही बऱ्याच ठिकाणी गिलावा असायचा. गिलावा खरवडून दगड उघडा करणं ही व्हिक्टोरियन आवड, आणि त्या खरवडण्यात किती चित्रं गेली याचा हिशोबच लागणार नाही. याच्याच विरोधात विल्यम मॉरिसने १८७७ मध्ये जुन्या इमारतींच्या जतनासाठी संस्था काढली, ती आजही काम करते.

६. फॉन्ट

बाप्तिस्म्याचं दगडी पात्र, बहुतेक दाराजवळ पश्चिमेला. चर्च कितीही वेळा बदललं तरी फॉन्ट शक्यतो टिकवलेला असतो, त्यामुळे कित्येक गावांत ती चर्चमधली सगळ्यात जुनी वस्तू असते. टबासारखा किंवा चौकोनी असेल तर बहुधा नॉर्मन, अष्टकोनी आणि उभ्या बाजूंवर चौकटी असतील तर पंधरावं शतक. नॉरफोक-सफोकमध्ये अष्टकोनी फॉन्टवर सात बाजूंना चर्चचे सात संस्कार कोरलेले सापडतात आणि आठव्या बाजूला दुसरं काहीतरी.

आता वाकून काठ बघा. काठावर समोरासमोर दोन ठिकाणी दगड फुटलेला, मागून ठिगळ लावलेला किंवा गंजलेल्या लोखंडाचा तुकडा रुतलेला दिसेल. १२३६ मध्ये कँटरबरीच्या आर्चबिशपने फॉन्टला झाकण घालून कुलूप लावायचा हुकूम काढला, मंतरलेलं पाणी कोणी जादूटोण्यासाठी चोरू नये म्हणून, आणि या खुणा त्या कड्या-कोयंड्यांच्या आहेत, नंतर त्या ओढून काढताना काठ फुटला. झाकणं पुढे इतकी वाढली की सफोकमधल्या अफर्डचं लाकडी झाकण सुमारे १८ फूट उंच आहे, कोरीव मनोऱ्यांचे थरावर थर.

७. चॅन्सेलची कमान आणि लाकडी पडदा

नेव्ह आणि चॅन्सेलच्या मधोमध लाकडी जाळीचा पडदा, म्हणजे रूड स्क्रीन असायचा, त्यावर एक माळा, आणि माळ्याच्या वर क्रूसावरचा ख्रिस्त, एका बाजूला मेरी आणि दुसऱ्या बाजूला जॉन यांचे मोठे पुतळे. सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेत, म्हणजे इंग्लंड पोपपासून वेगळं होऊन मूर्तींना विरोध सुरू झाला तेव्हा, पुतळे सगळीकडून उतरवले, माळे बहुतेक पाडले. पण पडदा नसला तरी माळ्यावर जायचा जिना सापडतो: कमानीच्या शेजारी भिंतीत खाली एक अरुंद दार आणि वर हवेत उघडणारं दुसरं दार. हवेतलं ते दार दिसलं की तिथे माळा होता हे पक्कं.

पडद्याचा खालचा भाग उरला असेल तर गुडघ्यावर बसून बघा, त्यावर संतांची रंगवलेली चित्रं असतात. नॉरफोकमधल्या रॅनवर्थचा पडदा यातला सर्वात सुंदर म्हणावा असा आहे, कपड्यांवरची सोनेरी फुलं अजून मोजता येतात. इतर कित्येक ठिकाणी कपडे शाबूत आणि चेहरे मात्र मुद्दाम खरवडलेले दिसतील. १६४३-४४ मध्ये विल्यम डाउसिंग नावाचा माणूस अधिकृत हुकूम घेऊन केंब्रिजशर आणि सफोकच्या चर्चमध्ये मूर्ती, काचा आणि चित्रं फोडत फिरला आणि त्याची नोंदही ठेवली, पण प्रत्येक फुटका चेहरा त्याच्या नावावर टाकू नका, बरीच तोडफोड त्याच्या शंभर वर्षं आधीचीच आहे.

कमानीच्या वर अंतिम न्यायाचं चित्र असायचं, त्याला डूम म्हणतात. सफोकमधल्या वेनहॅस्टनची गोष्ट सांगतो कारण हे सगळं एका फळीवर दिसतं. तिथलं डूम लाकडी फळ्यांवर रंगवलेलं होतं, धर्मसुधारणेत त्यावर चुना फासला आणि लोक ते विसरले. १८९२ मध्ये दुरुस्तीच्या वेळी त्या पांढऱ्या फळ्या निरुपयोगी म्हणून बाहेर आवारात टाकल्या, रात्री पाऊस पडला, चुना धुपला आणि खालून रंग बाहेर आले. आज ते चित्र चर्चमध्ये लावलंय आणि त्यात मध्यभागी क्रूसाच्या आकाराची आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या आकाराची मोकळी, न रंगवलेली जागा आहे. पुतळे तिथे आधीच उभे होते आणि चित्रकाराने त्यांच्या कडेकडेने रंगवलं. पुतळे गेले पण त्यांचा आकार राहिला, आणि पडदा, पुतळे आणि चित्र मिळून एकच दृश्य होतं हे यापेक्षा स्पष्ट कुठेच कळत नाही.

८. भिंतीवरची चित्रं

दक्षिणेच्या दारातून आत शिरल्यावर समोर उत्तरेच्या भिंतीवर खांद्यावर बाळ घेऊन नदी ओलांडणारा भलामोठा माणूस अंधुक दिसतो का बघा, तो सेंट क्रिस्टोफर. त्याचं दर्शन झालं की त्या दिवशी अवचित मरण येत नाही अशी श्रद्धा होती म्हणून तो दारातूनच दिसेल असा काढायचे. सरीमधल्या चाल्डनला सुमारे १२०० सालचं मोठं चित्र पश्चिमेच्या भिंतीवर आहे, मधोमध शिडी, तिच्यावरून चढणारे आणि पडणारे आत्मे. ससेक्समधल्या क्लेटन आणि हार्डमची त्याहून जुनी, बाराव्या शतकाच्या सुरुवातीच्या सुमाराची. चित्राला हात लावू नका, फ्लॅश मारू नका, आणि लाल-पिवळ्या गेरूच्या रेषा आधी लांबून बघा, जवळ गेलं की नुसते डाग दिसतात.

९. चॅन्सेल

इथे तीन गोष्टी. दक्षिणेच्या भिंतीत भोकाची वाटी असलेला कोनाडा म्हणजे पिसीना, वेदीची भांडी विसळायला. त्याच्या शेजारी पुरोहितांच्या दगडी बैठका. आणि कधी उत्तरेला एक कोरीव कोनाडा, ईस्टरच्या विधीतली ख्रिस्ताची कबर. लिंकनशरमधल्या हेकिंग्टनला त्याच्या पायथ्याशी झोपलेले सैनिक कोरलेत.

पिसीना मात्र फक्त चॅन्सेलमध्येच शोधू नका. आइलच्या टोकाला एकटाच पिसीना सापडला तर तिथेही एक वेदी होती, बहुतेक एखाद्या श्रीमंत घराण्याने किंवा गावातल्या मंडळाने मृतांसाठी प्रार्थना म्हणायला ठेवलेली. असल्या प्रार्थनास्थळांचा पैसा १५४७ च्या कायद्याने काढून घेतला. आणि पिसीना जमिनीपासून फार खाली, गुडघ्याशी वगैरे असेल तर जमीन नंतर वर उचलली आहे.

१०. छत, दुर्बिणीने

पाठ दुखेपर्यंत बघा, अगदी बाकावर आडवे पडलात तरी चालेल. पूर्व इंग्लंडमध्ये भिंतीतून पुढे आलेल्या आखूड तुळयांवर पुढचे वासे पेललेलं छत असतं आणि त्या तुळयांच्या टोकांना पंख पसरलेले देवदूत. केंब्रिजशरमधल्या मार्चच्या सेंट वेंड्रेडा चर्चमध्ये १०० हून जास्त आहेत. डेव्हनकडे गोल पोटाचं, लाकडी फासळ्यांचं छत आणि सांध्यांवर कोरीव गुंडे. गुंड्यांवर पानांतून डोकावणारे चेहरे, जनावरं, घराण्यांची चिन्हं काय वाटेल ते सापडतं, आणि खालून कोणालाच दिसणार नाही असं काम त्या सुतारांनी किती मनापासून केलंय ते दुर्बिणीशिवाय कळत नाही.

११. काच, थडगी, राजचिन्ह: पटापट

मध्ययुगीन काच बहुतेक वरच्या जाळीतल्या छोट्या कप्प्यांत उरलेली असते, कारण तिथे काठी पोचली नाही. फेअरफर्ड याला अपवाद, तिथे २८ खिडक्यांचा पूर्ण संच, साधारण १५०० नंतरच्या दोन दशकांतला. गव्हाची पेंढी काढलेली दिसली तर काच चार्ल्स ईमर केंप याच्या व्हिक्टोरियन कारखान्यातली. जमिनीतल्या पितळी प्रतिमांचे कपडे आणि पायाशी काय आहे ते बघा, नॉर्थलीचला लोकरीचे व्यापारी मेंढी आणि लोकरीच्या गाठोड्यावर पाय ठेवून उभे आहेत. दाराच्या वर किंवा कमानीवर राजाचं चिन्ह असेल तर अक्षरं आणि साल वाचा, १६६० मध्ये राजेशाही परतल्यावर ती सर्रास लागली.

१२. शेवटी टॉर्च

आता तो वेगळा टॉर्च काढा आणि खांबाला जवळजवळ टेकवून प्रकाश आडवा सोडा. समोरून गुळगुळीत दिसणाऱ्या दगडावर एकदम ओरखडे उठून दिसतात: जहाजं, कंपासने काढलेली सहा पाकळ्यांची फुलं, पाथरवटांच्या खुणा, नावं. हर्टफर्डशरमधल्या ॲशवेलच्या टॉवरमध्ये आतल्या भिंतीवर कोणीतरी लॅटिनमध्ये १३५० मधली प्लेगची हालत आणि पुढच्या दशकातलं भीषण वादळ खरडून ठेवलंय. हे वाचताना ओरखड्यांवर बोट किंवा पेन्सिल फिरवायची नाही, फोटो काढा.

लोक सांगतील पण लगेच मानू नका

चॅन्सेल थोडं वाकडं आहे ते क्रूसावर ख्रिस्ताची मान कलली होती म्हणून, असं हमखास ऐकाल. बहुतेक वेळा वेगवेगळ्या काळात बांधलेले भाग नीट जुळले नाहीत एवढंच कारण पुरतं. चॅन्सेलमधली बुटकी खिडकी कुष्ठरोग्यांसाठी होती याला आधार नाही. पाय एकमेकांवर टाकलेला दगडी योद्धा म्हणजे धर्मयुद्धाला गेलेला माणूस, हेही खरं नाही, ती त्या काळातल्या शिल्पकारांची पद्धत होती. आणि उत्तरेचं दार सैतानाला बाहेर जायला असायचं ही गोष्ट तर जिथे तिथे ऐकू येते, पण मिरवणुका जायला ते दार लागायचंच.

घरी आल्यावर

वहीतला नकाशा रंगवा, एका काळाला एक रंग: सॅक्सन-नॉर्मन, तेरावं शतक, चौदावं, पंधरावं, आणि व्हिक्टोरियन. ज्याची खात्री नाही तो भाग कोरा ठेवा, जबरदस्तीने रंग भरू नका. मगच हिस्टॉरिक इंग्लंड या सरकारी वारसा संस्थेची राष्ट्रीय वारसा यादी उघडा, ती इंटरनेटवर फुकट आहे आणि बहुतेक जुन्या चर्चची भागवार माहिती आणि काळ तिथे दिलेला असतो. आधी वाचून गेलात तर तेच दिसतं जे लिहिलंय, म्हणून हा क्रम पाळा. जिथे यादी आणि तुमचा नकाशा जुळत नाही ते भाग पेन्सिलने घेरून ठेवा आणि पुढच्या वेळी गेलात की थेट तिथूनच सुरू करा. काही नोंदी कित्येक दशकांपूर्वी, इमारत घाईत बघून लिहिलेल्या आहेत, तेव्हा तुम्हाला सापडलेली कमानीवरची अर्धी खिडकी यादीत नसली म्हणून ती पुसू नका, फोटो आणि नेमकी जागा लिहून चर्चच्या मंडळींना जरूर कळवा.